सनी रॉलिन्स: अख्खी कारकीर्द दोन सीड्यांत, काय घ्याल आणि काय गाळाल?

खालचा_सा

अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्सच्या नावावर 'सर्वोत्तम', 'आठ अभिजात अल्बम' वगैरे लेबलं लावून जे संच विकले जातात, ते जरा उलटेपालटे करून पाहा. बहुतेक सगळे १९६२ च्या आसपास येऊन गपकन थांबतात. हा माणूस १९४९ साली पहिल्यांदा स्टुडिओत उभा राहिला आणि २०१२ पर्यंत जाहीर कार्यक्रम करत होता. पहिली तेरा वर्षं डोक्यावर घ्यायची आणि पुढची पन्नास 'त्यानंतरही ते वाजवत राहिले' एवढ्यावर उरकायची, हे मला कधीच पटलेलं नाही.

थांबण्याचं कारण बरंचसं कायदेशीर आहे. युरोपात ध्वनिमुद्रणावरचा हक्क पूर्वी ५० वर्षांचा असायचा. २०१३ मध्ये तो ७० वर्षांचा झाला, पण १९६२ अखेरपर्यंत बाजारात आलेलं जे तोवर मोकळं झालं होतं, ते मोकळंच राहिलं. त्यामुळे कुणीही उठावं, १९५० च्या दशकातल्या आठ एलपी चार सीड्यांवर कोंबाव्यात आणि स्वस्तात विकाव्यात. वादकाला त्यातली दमडीही मिळत नाही, हा भाग वेगळाच.

अधिकृत संचांची अडचण दुसरी. रॉलिन्सची रेकॉर्डिंगं आज मुख्यतः तीन रेकॉर्ड कंपन्यांत वाटली गेलीत. प्रेस्टिज, रिव्हरसाइड, काँटेम्पररी आणि माइलस्टोन हे सगळे फँटसीमार्गे काँकॉर्डकडे गेले. ब्लू नोट, व्हर्व्ह, इंपल्स हे युनिव्हर्सलकडे. आरसीए सोनीकडे. जो तो आपल्या फडताळातलं काढून देतो. १९९६ साली माइलस्टोनने 'सिल्व्हर सिटी' नावाचा दोन सीड्यांचा संच काढला. चांगलाच आहे, पण तो सुरूच होतो १९७२ पासून. म्हणजे स्वस्तातले संच बासष्टला संपतात, हा बहात्तरला सुरू होतो, आणि मधल्या दहा वर्षांचा पूल कुणी बांधत नाही. ज्या माणसाची सगळ्यात गाजलेली गोष्ट पुलावर तालीम करण्याची आहे, त्याच्याच वाट्याला हे यावं!

तेव्हा म्हटलं आपणच बांधू. नियम साधे: दोन सीड्या, प्रत्येकी ऐंशी मिनिटांच्या आत. कुठलीही चीज मधे कापायची नाही. इतरांच्या नावावरचं रेकॉर्डिंगही चालेल. माझी यादी अशी:

पहिल्या सीडीची सुरुवात पियानोवादक बड पॉवेलच्या १९४९ च्या 'बाउन्सिंग विथ बड' ने. रॉलिन्स तेव्हा अठरा वर्षांचा होता, शेजारी ट्रम्पेटवर फॅट्स नवारो. मग १९५४ चं ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसबरोबरचं 'ओलिओ'. मग 'सॅक्सोफोन कोलोसस' मधली दोन: 'सेंट थॉमस' आणि 'ब्लू ७'. १९५७ चं 'आय अ‍ॅम अ‍ॅन ओल्ड काउहँड', त्याच वर्षीचं व्हिलेज व्हॅनगार्डमधलं 'सनीमून फॉर टू', १९५८ चं 'फ्रीडम स्वीट' (एकोणीस मिनिटं, नाइलाज आहे), १९६२ चं 'विदाउट अ साँग' आणि १९६३ चं ज्येष्ठ सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सबरोबरचं 'ऑल द थिंग्ज यू आर'.

दुसऱ्या सीडीवर 'अल्फीज थीम' (१९६६), 'स्कायलार्क' (१९७२), 'ऑटम नॉक्टर्न' (१९७८), 'जी-मॅन' (१९८६), 'विदाउट अ साँग' पुन्हा एकदा (२००१, बॉस्टन) आणि 'सनीमून फॉर टू' पुन्हा एकदा (२०१०, न्यूयॉर्क).

दोन चिजा मुद्दाम दोनदा घेतल्यात. कारकीर्द ऐकायची तर तीच चीज चाळीस-पन्नास वर्षांनी कशी वाजते ते कळलं पाहिजे. आणि एक गंमत: पहिल्या सीडीवरच्या पहिल्या आणि दुसऱ्या सीडीवरच्या शेवटच्या चिजेत ड्रमवर एकच माणूस आहे, रॉय हेन्स. १९४९ आणि २०१०!

आता तोफा डागा.

रात्रपाळी

वाचनखूण साठवली. आमची सॅक्सोफोनची धाव मनोहारी सिंगांच्या पुढे कधी गेली नाही. एकेक शोधून ऐकतो.

कटकट_मंडळ

तोफ क्रमांक एक. दुसऱ्या सीडीवर जे घेतलंय त्यातलं 'अल्फी' सोडून मला फारसं काही पटलेलं नाही.

कायद्यामुळे संच बासष्टला थांबतात, मान्य. पण ऐकणाऱ्यांचे कानही तिथेच का थांबतात, याचं उत्तर कायद्यात मिळणार नाही. १९७२ नंतरचे माइलस्टोनवरचे स्टुडिओ अल्बम काढून बघा. इलेक्ट्रिक बेस, इलेक्ट्रिक पियानो, जागोजागी काँगा, मधेच स्टीव्ही वंडरचं गाणं. बॉब क्रॅनशॉसारखा कसलेला बेसवाला, पण पाठीच्या दुखण्यामुळे उभा बेस सोडून इलेक्ट्रिककडे वळला आणि त्या बँडचा नादच सपाट झाला. १९५६ ते १९५८ मध्ये रॉलिन्सच्या मागे मॅक्स रोच, एल्विन जोन्स, ऑस्कर पेटिफोर्ड, रे ब्राउन असले लोक होते. त्यांच्याशी झटापट करताना त्याचं डोकं दुप्पट वेगाने चालायचं. पुढे त्याने आपल्याला आव्हान देणारे लोक घेणं जवळजवळ बंदच केलं.

माझी यादी: एकच सीडी, १९५४ ते १९६६. विषय संपला.

खालचा_सा

@कटकट_मंडळ, स्टुडिओ अल्बमांबद्दल तुमच्याशी निम्मा सहमत आहे. म्हणून तर दुसऱ्या सीडीवर 'अल्फी' आणि 'स्कायलार्क' सोडून एकही स्टुडिओतलं नाही! बाकी सगळं लोकांसमोर वाजवलेलं.

रॉलिन्सला स्टुडिओचा जाच व्हायचा. आपलीच रेकॉर्डिंगं ऐकणं त्याला नकोसं व्हायचं, हे त्याने अनेक मुलाखतींत सांगितलंय. लाल दिवा लागला की हात आखडायचा, आणि मंचावर गेला की एकेका चिजेवर वीस-पंचवीस मिनिटं सुटायचा. तुम्ही ज्या काळाची बाजू घेताय त्या काळात रेकॉर्डिंग एका दुपारात उरकायचे, त्यामुळे स्टुडिओ आणि मंच यांत फार अंतरच नव्हतं. पुढे ते पडलं. म्हणून १९७२ नंतरचा रॉलिन्स अल्बमांवरून जोखणं मला चुकीचं वाटतं.

'ऑटम नॉक्टर्न' ऐकलंय का तुम्ही? सॅन फ्रान्सिस्कोतला १९७८ चा कार्यक्रम, 'डोन्ट स्टॉप द कार्निव्हल' अल्बमवर आहे. सुरुवातीला बँड गप्प बसलेला आणि हा एकटाच सॅक्सोफोन घेऊन भरकटतो. मधेच दुसऱ्या कुठल्यातरी गाण्याची ओळ, मग खालून वर धावत गेलेली तान, मग एक बेसूर वाटेल असा भोंगा, मग पुन्हा गोड. लोक हसतात, ओरडतात. मूळ गाणं कुठलं ते बराच वेळ कळतच नाही. आणि मग एका क्षणी तो मूळ गाण्यावर उतरतो, बँड त्याच क्षणी आत येतो, आणि सगळं सभागृह किंचाळतं. यात इलेक्ट्रिक बेस आहे की उभा, याचा विचार डोक्यात येतच नाही हो.

सुरपारंबी

फार छान धागा. 'ब्लू ७' चं नाव आलंच आहे तर विचारते. संगीतकार आणि समीक्षक गुंथर शुलरने १९५८ साली त्यावर जो मोठा लेख लिहिला, त्यात रॉलिन्स मूळ धून धरून तिच्यातूनच सगळा विस्तार काढतो असं दाखवलंय म्हणतात. आपल्याकडे मुखड्याचा आधार घेऊन बढत करतात, तसलंच काही का? की मी उगाच ख्याल घुसवतेय?

कटकट_मंडळ

जॅझच्या प्रत्येक धाग्यावर पाचव्या-सहाव्या प्रतिसादाला ख्याल येतोच. या वेळी जरा लवकर आला. :)

खालचा_सा

@सुरपारंबी, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, त्यांचं नावच कटकट आहे.

तुलना थोडी लागू पडते, थोडी नाही. त्या काळातल्या बहुतेकांची रीत अशी: धून एकदा वाजवून टाकायची, मग तिच्याखालच्या स्वरसंगती तेवढ्या धरायच्या आणि वर नवंच काहीतरी रचत जायचं. धून परत भेटायची ती थेट शेवटी. रॉलिन्स धुनेचा एखादा तुकडा तोंडात धरून ठेवतो आणि सोडतच नाही.

'ब्लू ७' पेक्षा 'सेंट थॉमस' मध्ये हे पटकन कळतं. धून संपली की त्याचा सोलो सुरू होतो तो फक्त दोन सुरांवर. टॅ-टा. थांबतो. टॅ-टा. पुन्हा थांबतो. लहान मुलाने एकच खेळणं पुन्हा पुन्हा जमिनीवर आपटावं तसं. मग तेच दोन सूर थोडे सरकवून, थोडे उशिरा, मधे एखादा जास्तीचा घालून. बघता बघता त्यातून लांब वाक्य तयार होतं. मागे ड्रमवर मॅक्स रोच कॅलिप्सोचा (कॅरिबियन नाचगाण्याचा) ठेका धरून आहे. मग रोचचा सोलो, आणि त्यातून रॉलिन्स परत येतो तेव्हा कॅलिप्सो गायब झालेला असतो, सरळ स्विंग सुरू. सात मिनिटांच्या आत एवढं सगळं.

'ब्लू ७' मध्ये डग वॉटकिन्सचा बेस एकटा चालत येतो आणि धून अशी आहे की ती नेमकी कुठल्या सुरात बसवायची याचाच पत्ता लागू नये. शुलरला तेच आवडलं. आणि एवढं कौतुक वाचल्यावर रॉलिन्स म्हणाला की आता मी आपल्यावरची परीक्षणं वाचणार नाही! आपण जे न ठरवता करतो ते कुणी आकृती काढून दाखवलं की पुढच्या वेळी हात अडखळतो, हे कुठल्याही गवयाला विचारा.

आंबोली_घाट

मी या विषयात ढ. 'सेंट थॉमस' आत्ताच ऐकलं. हे तर समुद्रकिनाऱ्यावरच्या लग्नात वाजवावं असं गाणं आहे! जॅझ म्हणजे अंधारात सिगरेट ओढत ऐकायचं प्रकरण असं वाटत होतं.

मडगावकार

@आंबोली_घाट, बरोब्बर पकडलंत. रॉलिन्सचे आईवडील व्हर्जिन बेटांवरचे, म्हणजे कॅरिबियन. हा जन्मला न्यूयॉर्कमध्ये, हार्लेमला, १९३० साली, पण आई घरात बेटांवरची गाणी म्हणायची. 'सेंट थॉमस' त्यातलंच एक, जुनी लोकधून. त्याने पुढे आयुष्यभर कॅलिप्सो वाजवला, 'डोन्ट स्टॉप द कार्निव्हल' तर कार्यक्रमात हमखास असायचं.

आमच्याकडच्या वादकांना हा माणूस जवळचा वाटण्याचं कारण मला तरी हेच दिसतं. मुंबईच्या हॉटेलांतले आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रातले जॅझवाले कितीतरी गोव्याचे. चर्चमधल्या शाळेत नोटेशन शिकलेले, रात्री नाचाच्या बँडमध्ये वाजवणारे. लोक नाचले पाहिजेत ही अट त्यांच्या पोटातच. रॉलिन्स कितीही डोकेबाज वाजवू दे, पाय थिरकणं थांबत नाही. सॅक्सोफोनवाले ब्राझ गोन्साल्विस ऐकले आहेत का कुणी इथे? नसतील तर ऐका.

बोरीबंदर

महाराष्ट्राचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी.

एक. १९६० च्या दशकाच्या शेवटी रॉलिन्स मुंबईत येऊन काही महिने राहिला होता. हॉटेलात नाही, पवईला, स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात. बरोबर सॅक्सोफोन होता. त्याआधी जपानमध्ये झेनचा नाद लागला होता, मग योग, मग हे. ध्यानाला बसलं की मन एका जागी राहत नाही अशी त्याची तक्रार, आणि तुझं वाजवणं हेच तुझं ध्यान अशा अर्थाचं काहीतरी त्याला तिथे सांगितलं गेलं, हे त्याने पुढे मुलाखतींत सांगितलंय. कर्मयोग हा शब्द तर तो म्हातारपणीही वापरायचा. खूप नंतरच्या त्याच्या एका चिजेचं नाव 'पतंजली' आहे, 'रोड शोज' या अल्बममालिकेच्या तिसऱ्या खंडावर.

म्हणजे @खालचा_सा यांच्या यादीत १९६६ आणि १९७२ च्या मधे जी मोकळी जागा दिसते, तिचा एक तुकडा आपल्या पवईत आहे.

दोन. १९७८ चा पहिला 'जॅझ यात्रा' महोत्सव, रंगभवन, धोबीतलाव. रॉलिन्स आला होता. आमचे मामा गेले होते आणि अजून कुठल्याही कार्यक्रमाचा विषय निघाला की 'तुम्ही काय ऐकलंय रे' म्हणून गप्प करतात. काय वाजवलं विचारलं तर सांगता येत नाही, फक्त हात वर करून दाखवतात की सॅक्सोफोन एवढा वर धरला होता. रंगभवन पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांत अडकून कार्यक्रमांना बंद झालं ते झालंच.

रात्रपाळी

मामांना धाग्यावर आणा!

बोरीबंदर

मामा टायपिंग करत नाहीत. फोनवर चालू झाले की थांबत नाहीत.

मु_पो_न्यूजर्सी

पुलाचा उल्लेख सगळे करतात पण तो पूल काय चीज आहे ते सांगतो, नेहमीच्या येण्याजाण्यातला आहे.

विल्यम्सबर्ग पूल मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला ब्रुकलिनशी जोडतो. रॉलिन्स ग्रँड स्ट्रीटला राहायचा, तिथून पूल चालण्याच्या अंतरावर. १९५९ साली, नाव ऐन शिखरावर असताना, त्याने कार्यक्रम बंद केले. लोक जेवढं कौतुक करतायत तेवढं आपल्याला येत नाही, असं त्याचं म्हणणं. घरी वाजवलं तर शेजाऱ्यांना त्रास, म्हणून पुलावर. पादचाऱ्यांचा रस्ता वरच्या अंगाला आहे. खाली नदीत बोटी, बाजूने मोटारी आणि धडधडत जाणारी मेट्रो. तिथे तुम्ही कितीही जोरात फुंकर मारा, तुमचं तुम्हालाच जेमतेम ऐकू येतं. टेनर सॅक्सोफोनचा नाद दणकट करायचा तर याच्याइतकी कडक तालीम नाही. उन्हाळा, हिवाळा, कधी दिवसाचे पंधरा-पंधरा तास. १९६१ च्या अखेरीला परत आला आणि १९६२ ला 'द ब्रिज' काढला. त्याचं नाव या पुलाला द्यावं अशी मोहीम न्यूयॉर्कमध्ये बरीच वर्षं चालू आहे.

गंमत म्हणजे परत आल्यावर लोक म्हणाले, एवढं करून बदललं काय? तेव्हा ऑर्नेट कोलमन आणि जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवाल्यांनी सगळं उलथून टाकायला घेतलं होतं, आणि हा जिम हॉलची हळुवार गिटार बरोबर घेऊन जुनीच गाणी वाजवत होता. मला विचाराल तर 'द ब्रिज' मधला नाद आधीच्या कुठल्याही अल्बमपेक्षा भरीव आहे. 'विदाउट अ साँग' चा पहिला सूर ऐका फक्त.

तुमच्या यादीतली 'सेंट थॉमस' ची जागाही इथून लांब नाही. हॅकनसॅकला रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांचं घर होतं, त्या घराच्या दिवाणखान्यात त्याने स्टुडिओ थाटला होता. 'सॅक्सोफोन कोलोसस' तिथे झाला, २२ जून १९५६. त्यानंतर चारच दिवसांनी ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन आणि पियानोवादक रिची पॉवेल मोटार अपघातात गेले. रॉलिन्स आणि मॅक्स रोच तेव्हा त्यांच्याच बँडमध्ये होते. तो आनंदी कॅलिप्सो ऐकताना हे आठवलं की कसंतरीच होतं.

कटकट_मंडळ

बदललं काय या प्रश्नावर मी त्या काळच्या लोकांच्या बाजूने. पण 'विदाउट अ साँग' चा पहिला सूर, ठीक आहे, मान्य.

हापिसातून

कायद्याबद्दल एक पुरवणी. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. अमेरिकेत उलटी गंगा: १५ फेब्रुवारी १९७२ च्या आधीच्या रेकॉर्डिंगांसाठी २०१८ साली वेगळा कायदा आला, आणि १९५७ पासूनची रेकॉर्डिंगं तिथे थेट २०६७ पर्यंत बंद आहेत. म्हणजे 'वे आउट वेस्ट' (यादीतलं 'काउहँड' ज्यात आहे तो अल्बम) युरोपात कुणीही छापू शकतो, पण ज्या लॉस एंजेलिसमध्ये ते वाजवलं तिथे नाही.

अवांतर: 'फ्रीडम स्वीट' ची कथाही सांगा ना कुणीतरी. ते आवरणावरून काहीतरी झालं होतं ना?

खालचा_सा

@हापिसातून, हो. १९५८ साली, नागरी हक्कांची चळवळ अजून रंगात यायची होती तेव्हा, रॉलिन्सने एलपीची एक पूर्ण बाजू एकाच रचनेला दिली आणि आवरणावर चार ओळी लिहिल्या. अमेरिकेची भाषा, विनोद, संगीत सगळं कृष्णवर्णीयांच्या संस्कृतीत रुजलेलं आहे आणि त्याच लोकांचा छळ चाललाय, असा त्याचा आशय. तो तेव्हा नावाजलेला असूनही न्यूयॉर्कमध्ये मनासारखं घर मिळत नव्हतं, ही त्यामागची ठिणगी. पुढे तोच अल्बम 'शॅडो वॉल्ट्झ' अशा निरुपद्रवी नावाने पुन्हा काढण्यात आला. दुसऱ्या बाजूवरच्या एका गाण्याचं नाव अख्ख्या अल्बमला!

संगीत म्हणूनही ते मोठं आहे. पियानो नाही. पेटिफोर्डचा बेस, रोचचे ड्रम आणि हा. एकच छोटी धून वेगवेगळ्या लयींत फिरवलीय. एकोणीस मिनिटं सीडीतली खर्च झाली तरी म्हणून ते काढत नाही.

पियानो काढून टाकायची खोड त्याला आदल्या वर्षी लागली. 'वे आउट वेस्ट' चं रेकॉर्डिंग पहाटे तीनला सुरू झालं, कारण बेसवाला रे ब्राउन आणि ड्रमवाला शेली मॅन दोघांनाही दिवसभर दुसरी कामं होती. 'ओल्ड काउहँड' ची सुरुवात नीट ऐका, मॅन घोड्याच्या टापा वाजवतोय. आवरणावर रॉलिन्स काउबॉयची टोपी घालून, कंबरेला पट्टा, हातात सॅक्सोफोन, वाळवंटात उभा. कल्पना त्याचीच. लहानपणी काउबॉयचे सिनेमे पाहिलेला हार्लेमचा पोरगा. लोकांना ती थट्टा वाटली, पण वाजवताना त्याने त्या गाण्यांची थट्टा अजिबात केलेली नाही.

सुरपारंबी

'विदाउट अ साँग' ची दोन्ही रूपं लागोपाठ ऐकली. बॉस्टनचं ऐकताना काय झालं ते लिहिता येत नाहीये. तारीख बघून चरकले. १५ सप्टेंबर २००१?

मु_पो_न्यूजर्सी

हो. रॉलिन्स वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून काही गल्ल्यांवर राहायचा, उंच इमारतीत, वरच्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी त्याला तिथून बाहेर काढलं तेव्हा तो सॅक्सोफोन घेऊन जिने उतरला. वय एकाहत्तर. बॉस्टनचा कार्यक्रम रद्द करायच्या मनःस्थितीत होता, बायको ल्युसिलने जायलाच लावलं. तीच त्याची व्यवस्थापक आणि पुढे निर्माती, २००४ ला गेली.

ते रेकॉर्डिंग कंपनीने केलेलंच नाही. श्रोत्यांत बसलेल्या एका चाहत्याने गुपचूप केलं. हा गृहस्थ रॉलिन्सच्या कार्यक्रमांची चोरटी रेकॉर्डिंगं वर्षानुवर्षं जमवायचा. शेवटी रॉलिन्सनेच ती मान्य केली, हा कार्यक्रम २००५ ला अल्बम म्हणून आला आणि त्यातल्या 'व्हाय वॉज आय बॉर्न?' च्या सोलोला ग्रॅमी मिळालं. त्याच संग्रहातल्या बऱ्याच गोष्टी पुढे 'रोड शोज' मालिकेत आल्या. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकायला तयार नसलेल्या माणसाचा उत्तरार्ध एका खिशातल्या रेकॉर्डरमुळे वाचला म्हणायचं.

कटकट_मंडळ

हे रेकॉर्डिंग मी आजवर ऐकलं नव्हतं. ऐकलं. मागचा ट्राँबोन मला अजूनही नको आहे. बाकी गप्प बसतो.

आंबोली_घाट

'जी-मॅन' काय प्रकार आहे? पंधरा मिनिटं माणूस श्वास कधी घेतो?

खालचा_सा

@आंबोली_घाट, न्यूयॉर्क राज्यात सॉगर्टीस म्हणून गाव आहे, तिथे एका जुन्या दगडखाणीत दगड रचून केलेलं प्रचंड शिल्प आहे. ऑगस्ट १९८६ मध्ये तिथे उघड्यावर कार्यक्रम झाला. त्याच कार्यक्रमात रॉलिन्स वाजवता वाजवता मंचावरून खाली उडी मारतो, टाच मोडते, आडवा पडतो. लोक हादरतात. आणि पडल्या पडल्या, पाठीवर झोपूनच, तो पुन्हा वाजवायला लागतो. रॉबर्ट मग्गीच्या माहितीपटात हे सगळं आहे. 'जी-मॅन' त्याच दिवशीचं. धून अशी काही नाहीच, एक तुकडा धरून पंधरा मिनिटं तुफान.

तबलजी_नव्हे

उशिरा आलो. यादी चांगली आहे. दोन शंका.

'अल्फीज थीम' कुठली घेताय? 'अल्फी' सिनेमात ऐकू येतं ते लंडनला इंग्लिश वादकांबरोबर केलेलं आहे, आणि इंपल्सचा जो अल्बम मिळतो तो जानेवारी १९६६ ला व्हॅन गेल्डरकडे ऑलिव्हर नेल्सनची संयोजनं घेऊन पुन्हा केलेला. दोन्ही वेगळी आहेत.

दुसरं, 'टेनर मॅडनेस' नाही?? जॉन कोल्ट्रेन आणि सनी रॉलिन्स एकत्र वाजवल्याचं अख्ख्या जगात एकच रेकॉर्डिंग, ते तुमच्या यादीत नाही? निषेध.

कटकट_मंडळ

निषेधाला अनुमोदन. माझ्या एका सीडीत आहे ते.

खालचा_सा

@तबलजी_नव्हे, 'अल्फी' इंपल्सचंच. केनी बरेलची गिटार आणि मागचा भरदार ब्रास सोडवत नाही. शिवाय बाजारात सहज मिळतं.

'टेनर मॅडनेस' वर बराच विचार केला होता. मे १९५६, माइल्सचा रिदम सेक्शन (पियानो, बेस, ड्रम) रॉलिन्सने एका दिवसापुरता घेतला, त्यांच्याबरोबर कोल्ट्रेन आला आणि दोघांनी एक ब्लूज वाजवला. कोल्ट्रेन आधी, टोकदार आणि घाईत. मग रॉलिन्स, गोल आणि सावकाश. शेवटी दोघं आळीपाळीने. ज्याला दोघांचे आवाज ओळखता यायचे नाहीत त्याच्यासाठी तर हे पहिलं पुस्तक. पण ते दोघांमधलं गप्पांचं रेकॉर्डिंग आहे, कुणीच शेवटपर्यंत जात नाही. बारा मिनिटं त्यासाठी हवी तर 'ब्लू ७' काढावं लागेल. ते मी काढणार नाही. हॉकिन्सबरोबरचं काढा म्हणाल तर तेही नाही. लहानपणी ज्याच्या घराच्या आसपास सही घ्यायला घुटमळायचा, त्या माणसाशेजारी उभं राहून रॉलिन्स तिथे मुद्दाम वाकडंतिकडं वाजवतो, हॉकिन्ससारखं चुकूनही वाजवत नाही. पॉल ब्लेचा त्यातला पियानो सोलो तर अनेक पियानोवाल्यांनी पाठ केलाय.

तिसरी सीडी करायला तयार असाल तर बोला.

तबलजी_नव्हे

तिसरी सीडी म्हणजे पळवाट. 'काउहँड' काढा, सहा मिनिटं मिळतात. 'बाउन्सिंग विथ बड' काढा, आणखी तीन.

खालचा_सा

आणि उरलेल्या तीन मिनिटांसाठी काय, 'ओलिओ' अर्धवट तोडू? नियम वाचा, कापायचं नाही. आणि 'बाउन्सिंग विथ बड' काढलं तर रॉय हेन्सची जोडी मोडते.

कटकट_मंडळ

दुसऱ्या सीडीवरचं 'स्कायलार्क' काढा, 'हॉक' वालं (हॉकिन्सबरोबरचं) तिकडे सरकवा, पहिल्या सीडीत बारा मिनिटं मोकळी होतील. कालक्रम थोडा बिघडतो, '६३ चं '६६ च्या आधी, म्हणजे बिघडतही नाही.

खालचा_सा

हं. 'हॉक' तिकडे गेलं की पहिली सीडी 'विदाउट अ साँग' वर संपते आणि दुसरी पुलाच्या पलीकडे सुरू होते. नऊ-दहा मिनिटं मोकळी होतात, बारा नाही, पण ऐंशीच्या आत मारूनमुटकून बसेल. 'स्कायलार्क' चा जीव जातो मात्र. सहा वर्षं स्टुडिओपासून लांब राहिलेल्या माणसाच्या परतीच्या अल्बममधलं ते वाजवणं आहे, शेवटची लांबलचक एकट्याची तान ऐकलीत का?

कटकट_मंडळ

ऐकतो आणि सांगतो.